ताप नसलेलं आजारपण

नर्सचं काम म्हणजे सुया टोचणं, असं बऱ्याच लोकांना वाटतं. खरं तर आमच्या कामातलं ते सगळ्यात सोपं काम. एकदा हात बसला की बोलता बोलता होऊन जातं. अवघड असतं ते माणसाकडे बघणं. त्यातही म्हाताऱ्या माणसाकडे, कारण म्हातारं शरीर आपलं दुखणं सरळ सांगत नाही. तरुण पोराला जंतूंनी धरलं की अंग तापतं, हुडहुडी भरते, सगळं घर जागं होतं. त्याच जंतूंनी पंचाहत्तरीच्या आजीला धरलं, तर ती फक्त अर्धी पोळी ताटात ठेवून उठते.

जबलपूरच्या एका सरकारी दवाखान्यात, मेडिकल वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली. वडील भंडाऱ्याकडून इथं फॅक्टरीत आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि वॉर्डात एकाच वाक्यात दोन्ही. त्या वॉर्डातली एक गोष्ट मला आजही टोचते. म्हातारी माणसं आमच्याकडे फार उशिरा यायची. घरचे सांगायचे, "सिस्टर, तीन-चार दिवसांपासून गुमसुम होती. बुखार तो था नहीं, हमने सोचा उमर है." त्यांचं चुकत होतं असंही म्हणवत नसे. ताप नाही म्हणजे आजार नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण बेडवरच्या त्या माणसाचे ते तीन-चार दिवस परत आणायला आमच्याजवळ काही नसायचं.

निवृत्त झाल्यावर मला घरी बसवेना. त्याच सुमारास शहरातल्या मदन महल भागात एका डॉक्टरीणबाईंनी फक्त वयस्क लोकांसाठी छोटा दवाखाना उघडला होता. त्यांना घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची साखर बघणारी, जखमा धुणारी, औषधं नीट घेतात की नाही ते पाहणारी कुणी तरी हवी होती. मी जाऊन भेटले. डॉक्टर रश्मी साताऱ्याच्या, नवरा फौजेत, म्हणून इथं आलेल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना सहज म्हटलं, "मॅडम, काहून उभ्या आहात, बसा न." त्या दोन क्षण विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "कुठून म्हणजे? मी घरूनच आलेय." आमचा 'काहून' म्हणजे त्यांचा 'का', हे समजावण्यात चहा संपला आणि नोकरी पक्की झाली.

आमच्या पहिल्या काही पेशंटांत भाऊराव गजभिये होते. फॅक्टरीतून रिटायर झालेले फिटर, वय पंचाहत्तरीच्या आसपास, साखरेचा आजार जुना. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागायचं, ते बायको द्यायची. बायको शकुंतलाबाई, सत्तरीच्या, बोटांचे सांधे संधिवातानं वाकडे झालेले. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या. एकुलता एक मुलगा प्रवीण बेंगळुरूला. घर दोघांचंच, आणि आख्ख्या कॉलनीत भांडणांसाठी प्रसिद्ध. मारामारीची भांडणं नव्हेत. पंखा तीनवर ठेवायचा की चारवर, वरणात मीठ कमी की जास्त, कोणाच्या मावसभावाचं लग्न आधी झालं, यावर दोघं सकाळपासून झोपेपर्यंत वाद घालायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, आपण चुकीच्या वेळी आलो. पुढं कळलं, बरोबर वेळ अशी नव्हतीच.

मला बोलावलं होतं ते भाऊरावांना नागीण झाली म्हणून. ते उघड्या अंगानं पलंगावर बसले होते. छातीच्या उजव्या बाजूनं पाठीपर्यंत फोडांचा पट्टा, आणि त्यावर कुणीतरी गेरू थापलेला. आठवडा असाच गेला होता. चेहऱ्यावर वेदना होतीच, पण त्याहून जास्त भीती होती.

"सिस्टर, खरं सांगा," ते हळूच म्हणाले. "हिचं तोंड अन् शेपूट मिळालं की माणूस जातो, असं म्हणतात. किती राहिलं आहे मिळायला?"

मी गेरू पुसत त्यांना समजावलं, "काका, ही साप-नागीण काही नाही. पाठीच्या कण्यातून एक नस निघते, ती अंगाच्या एकाच बाजूनं पुढं येते आणि छातीच्या मध्यावर संपते. फोड त्या नसेच्या वाटेनं येतात. वाट जिथं संपते तिथं तेही थांबतात."

"म्हणजे फिरून येत नाई?"

"यायला वाटच नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या, "मी हेच सांगून राहिली होती."

"तू नस कधी म्हटली? तू म्हणे बुद्धाचं नाव घ्या."

मी विचारलं, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का. झाल्या होत्या, तुमसरच्या शाळेत असताना. मग मी त्यांना सांगितलं की हे तेव्हाचेच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या, पण ते अंगातून गेले नाहीत. नसांच्या मुळाशी दबून राहिले. शरीराची रखवाली जोवर जागी असते तोवर ते डोकं वर काढत नाहीत. वय झालं, त्यात साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की ही रखवाली सुस्तावते.

भाऊराव ऐकत राहिले. "साठ-पासष्ट वर्षं माझ्या अंगात बसून होता हा?"

"बसला नव्हता काका. तुमच्या अंगानं त्याला बसवून ठेवला होता."

हे त्यांना आवडलं असावं. पण रखवाली सुस्तावते म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी खोदून विचारलं. यंत्रांचा माणूस, वरवरच्या उत्तरावर भागत नव्हतं. मग डॉक्टर रश्मींनी मला सांगितलेलं मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. जंतूंशी लढणाऱ्या पेशी तयार करून, शिकवून पाठवण्याचं काम शरीर लहानपणी जोरात करतं. वय वाढलं की नवी भरती कमी होत जाते. जुन्या पेशी असतात, त्यांना जुने शत्रू ओळखता येतात, पण त्या हळू धावतात आणि नवा शत्रू आला की गोंधळतात. साखर जास्त असली की त्या आणखी आळसावतात. आणि दुसरीकडे, लांबलेल्या आजारांमुळे अंगात कुठं ना कुठं बारीक आच धुमसतच असते. शरीर त्या आचेला इतकं सरावतं की खरी आग लागली तरी भोंगा वाजवायचा विसरतं. ताप हा तो भोंगा.

"आमच्या फॅक्टरीच्या शॉपमध्ये असंच झालं होतं," भाऊराव म्हणाले. "भोंगा खराब होता. धूर दिसला तेव्हा पत्ता लागला."

नागिणीचं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. इथं ते उशिरा सुरू झालं. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण दुखणं राहिलं. म्हाताऱ्या माणसांत हे पुष्कळदा होतं. फोडांची जागा बरी दिसते आणि आतली नस मात्र जळत राहते. बनियनचा स्पर्शही त्यांना सोसेना. रोज संध्याकाळी विहारात वंदनेला जाऊन बसायचे, ते बंद झालं. जेवण कमी झालं. रात्री ते कण्हायचे आणि शकुंतलाबाई उठून त्यांच्या पाठीशी बसायच्या. डॉक्टर गोळ्या बदलत होत्या, मी आठवड्यातून दोनदा जात होते. माझं, डॉक्टरांचं, फोनवरच्या प्रवीणचं, सगळ्यांचं लक्ष भाऊरावांवर होतं. शकुंतलाबाई चहा आणायच्या, औषधं कुठं ठेवली ते सांगायच्या. त्यांना कसं आहे विचारलं की म्हणायच्या, "मले काय धाड भरली आहे."

थंडीचे दिवस होते. एका सकाळी भाऊरावांचा फोन आला.

"सिस्टर, शकू भांडून नाई राहिली."

मला हसू आलं. म्हटलं, "चांगलं आहे न काका, आराम करा."

"नाई, ऐका न. काल सांजपासून. आता मी म्हटलं, चहा एकदम पांचट झाला. तर म्हणे, हो. ती 'हो' नाई म्हणत, सिस्टर."

माझं हसू तिथंच थांबलं. मी बॅग उचलली आणि ऑटो पकडला.

शकुंतलाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. स्वेटरची बटणं वर-खाली लागलेली. स्वयंपाकघरात कणीक मळून तशीच उघडी पडली होती, वरून सुकलेली. एरवी ही बाई कणकेवर ओलं फडकं टाकल्याशिवाय दार उघडायला येत नसे. मी विचारलं, "काकू, काय होत आहे?"

"काई नाई. थकली."

खोकला? थोडासा. छातीत दुखतं? नाही. मी थर्मामीटर लावलं. ताप अजिबात नव्हता, उलट अंग गार. पण त्यांचा श्वास मी बघत होते. उथळ, भराभर, जिना चढून आल्यासारखा, आणि त्या तर बसून होत्या. बोटाला ऑक्सिजन बघायचं यंत्र लावलं. असायला हवा त्यापेक्षा आकडा बराच खाली. थंडीनं बोटं गार असली की कधी यंत्र चुकतं, म्हणून मी त्यांचा हात माझ्या हातात चोळून परत लावलं. आकडा तोच. तेवढ्यात त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वच्छला, तू कधी आली?"

वच्छला त्यांची मोठी बहीण. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ते भाऊरावांनी मला हळूच सांगितलं.

मी प्रवीणला फोन लावला. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो सगळेच विचारतात तोच. "सिस्टर, आई को बुखार है क्या?"

"नाही."

"फिर थकान होगी. पापांच्या मागं रात-रात जागते ती. मी संडेला येऊनच राहिलो आहे, तेव्हा दाखवू."

मुलगा वाईट नव्हता. आईची काळजी होती म्हणूनच त्यानं तिकीट काढलेलं होतं. मी म्हटलं, "प्रवीण, तुझ्या आईला ताप यायला हवा होता. तो आला नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. संडेपर्यंत थांबता येणार नाही. मी आत्ता नेते आहे." मग तो म्हणाला, "घेऊन जा. मी आजच निघतो."

पण शकुंतलाबाई उठायला तयार होईनात. भ्रमातही त्यांना एक गोष्ट पक्की आठवत होती. "मी गेली तर यांना सुई कोण देईल?"

भाऊराव कॉटवरून उठले. किती तरी आठवड्यांनी मी त्यांना कुणाचा आधार न घेता उठताना पाहिलं. "मी घेतो न माझी माझी. मले येते."

त्यांना येत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही स्वतः सुई घेतली नव्हती. पण त्या सकाळी ते इतक्या ठामपणे म्हणाले की शकुंतलाबाई उठल्या.

डॉक्टर रश्मी ज्या दवाखान्यात पेशंट भरती करायच्या तिथं आम्ही पोचलो. छातीचा फोटो निघाला. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा झालेला. न्यूमोनिया. डॉक्टरांनी भाऊरावांना बाकावर बसवून समजावून सांगितलं. संधिवातात शरीराची रखवाली स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, म्हणून गोळ्यांनी तिला आवरून धरावं लागतं. त्या गोळ्या नसत्या तर काकूंना हातात लाटणं धरता आलं नसतं. पण आवरलेली रखवाली जंतूंच्या वेळीही आवरलेलीच राहते. त्यात वय, त्यात महिनोन्महिन्यांची जाग्रणं. लांबलेली काळजी आणि अपुरी झोपही माणसाला आतून दुबळं करते.

भाऊराव खाली बघून म्हणाले, "म्हणजे माझ्यापायी."

"नाही हो काका," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्यामुळे त्या आज इथं आहेत. आज तुम्ही फोन केला नसता तर आपण कधी भेटलो असतो, मला सांगवत नाही."

पुढचे दिवस कठीण गेले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हातात सलाईन, आणि शकुंतलाबाई मनानं तुमसरला. त्यांना वाटे आपण माहेरी आहोत आणि अंगणात वाळत टाकलेल्या वड्या गाय खाऊन राहिली आहे. त्या उठायला बघत, सलाईनची नळी ओढत. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या एका आयाबाईनं हात बांधायचं सुचवलं. मी तिला विनंती केली, थोडं थांब. मग भाऊरावांना फोन केला आणि म्हटलं, काकूंचा चष्मा आणि कवळी घेऊन या. घाईत आम्ही दोन्ही घरीच विसरलो होतो. चष्म्याशिवाय, दातांशिवाय, चोवीस तास ट्यूबलाईटखाली, अनोळखी चेहऱ्यांमध्ये ठेवलं तर धडधाकट माणूसही भरकटेल. आजारी म्हाताऱ्याचं डोकं ताळ्यावर आणायला औषध लागतंच, पण त्याला दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे आणि दिवस आहे की रात्र हे कळलं पाहिजे. मी त्यांचा बेड खिडकीकडे सरकवून घेतला.

त्याच दुपारी प्रवीण थेट विमानतळावरून आला. आई त्याला बघून म्हणाली, "भैया, जरा पानी देना." तिनं त्याला ओळखलं नव्हतं. तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मी मागं गेले तेव्हा तो डोळे पुसत होता.

"आई पागल हो गई क्या, सिस्टर?"

"नाही रे. छातीतल्या आजाराचा हा डोक्यावरचा परिणाम आहे. आजार ओसरला की बहुतेक करून हेही ओसरतं."

"बहुतेक?"

"बहुतेक," मी म्हटलं. वॉर्डात आयुष्य काढल्यावर 'नक्की' हा शब्द जिभेवर येत नाही. पण मी त्याला हेही सांगितलं की आईशी मराठीत बोल. तो लाजला. मराठी त्याला समजते सगळी, बोलताना अडखळतो. तरी बसला आईजवळ, आणि अडखळत बोलत राहिला.

भाऊरावांना मी दवाखान्यात यायला मना करत होते. त्यांची स्वतःची तब्येत नाजूक, वॉर्डात दहा प्रकारचे जंतू. ते ऐकेनात. शेवटी ठरलं की मास्क लावून, खिडकीजवळ, थोडाच वेळ बसायचं, आणि आल्या-गेल्यावर हात धुवायचे. सुई घ्यायला मी त्यांना शिकवलं होतं. पहिल्या वेळी त्यांचा हात मी धरला, दुसऱ्या वेळी त्यांनीच मला विचारलं की सुई पोटात जरा तिरकी गेली तर चालेल का. फिटरचा हात शेवटी, लवकर बसला.

ते येऊन बसायचे आणि बायकोशी बोलायचे. आधी गोड बोलले. काही उपयोग झाला नाही. शकुंतलाबाई छताकडे बघत पडून राहायच्या. मग त्यांनी पद्धत बदलली. मुद्दाम चुकीचं बोलायला लागले. प्रवीण पहिलीत नापास झाला होता, म्हणाले. काहीच नाही. तुझ्या बहिणीच्या हातची पुरणपोळी तुझ्यापेक्षा चांगली असायची, म्हणाले. पापणीही हलली नाही. मी बाजूला बसून बघत होते आणि खरं सांगते, मलाही धीर राहिला नव्हता.

औषधांचा असर व्हायला लागला तसा श्वास जरा संथ झाला, मास्क उतरून नाकातली बारीक नळी आली. त्या दिवशी दुपारी भाऊराव नेहमीसारखे बसले आणि म्हणाले, "आपलं लग्न मझौलीले झालं तेव्हा काय ऊन होतं, नाई?"

शकुंतलाबाईंनी मान वळवली. चष्म्यातून नवऱ्याकडे नीट बघितलं. आवाज पार खोल गेलेला, पण शब्द स्पष्ट. "मझौलीले तुमची मावशी राहे. लग्न तुमसरले झालं. अन् ऊन नोहतं, पाणी आलं होतं. मंडप भिजला."

"नाई, मझौलीले."

"तुमसरले."

प्रवीण हसायला लागला आणि हसता हसता त्याला रडू आलं. राऊंडला आलेल्या डॉक्टर रश्मी दारात थबकल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "कोण बरोबर आहे?" मी म्हटलं, "काकू." भाऊराव उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळाशीच उभे राहिले.

घरी आल्यावरची गोष्ट कुणी सहसा सांगत नाही, कारण ती लांब आणि कंटाळवाणी असते. तरुण माणूस आठवडाभर बिछान्यात पडला तर उठून कामाला लागतो. म्हाताऱ्या माणसाची मांडी त्या आठवड्यात इतकी वितळते की संडासापर्यंत जाणंही मोठं काम होतं. शकुंतलाबाई उठताना भिंत धरायच्या. शेजारच्या एका ताईंनी ताकद यावी म्हणून च्यवनप्राशचा मोठा डबा आणून दिला. भाऊरावांनीही प्रेमानं त्यातलं खाल्लं आणि त्यांची साखर चढली. मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, सिस्टर, इम्युनिटी वाढवायला काय घ्यावं, कोणता काढा, कोणती पावडर. मी सांगते की ती डब्यात मिळत नाही. साखर आटोक्यात ठेवा, पोटात दाळ, दूध, अंडं जाऊ द्या, हिरड्या सडू देऊ नका, झोपा, आणि रोज थोडं चाला. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. त्यांना एखादं नाव हवं असतं.

आता घरात स्वयंपाक भाऊराव करायचे. पहिली खिचडी करपली. दुसऱ्या दिवशीची, शकुंतलाबाईंच्या शब्दांत, "हळदीचा चिखल." त्या पलंगावरून सूचना द्यायच्या, हे ओट्याजवळून उलटं उत्तर द्यायचे. पण चव बघायला लागते म्हणून ते स्वतः खायला लागले. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. डॉक्टरांनी नसेची गोळी बदलली होती, त्यानं रात्री झोप लागू लागली. दिवसा दुखायचंच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दुखते न. पण आता दुखणं मागच्या खोलीत आहे, मी पुढच्या खोलीत."

प्रवीणनं दोघांना बेंगळुरूला न्यायचं बोलून पाहिलं. दोघंही नाही म्हणाले, आणि त्या एका बाबतीत त्यांचं एकमत पाहून तो गप्प बसला. पण त्याची फोनवर विचारायची रीत बदलली. बुखार तो नहीं, हे तो विचारत नाही. आईनं काय खाल्लं, कुठपर्यंत चालली, बोलली किती, हे विचारतो. आणि मराठीत विचारतो. त्याची मुलगी मागून त्याच्या मराठीला हसते, ते फोनवर ऐकू येतं.

थंडी गेली, उन्हाळा गेला. शकुंतलाबाई आधी अंगणात, मग कोपऱ्यापर्यंत, मग विहारापर्यंत चालायला लागल्या. डॉक्टरांनी दोघांनाही लसी द्यायचं ठरवलं. न्यूमोनियाची, फ्लूची, आणि पुढं नागिणीचीही. लस म्हाताऱ्या अंगात तरुणाइतकं काम करत नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्यापासून लपवलं नाही. पण आजार आला तरी दवाखान्यात पडायची वेळ कमी येते, तेवढ्यासाठी घ्यायची, म्हणाल्या.

दोघं चालत आली. शकुंतलाबाईंनी निळी साडी नेसली होती. आधी भाऊरावांना टोचलं, मग त्यांना. सुई मीच दिली. कापसाचा बोळा दंडावर धरून त्या बसल्या असताना डॉक्टर रश्मी म्हणाल्या, "काकू, ही फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते. पुढच्या वर्षी याच सुमारास परत या."

पुढच्या वर्षाचं नाव काढलं की म्हातारी माणसं काय म्हणतात ते मला पाठ आहे. ती हात वर करतात, हसतात, आणि म्हणतात, तेव्हाचं तेव्हा पाहू, राहिलो तर. भाऊरावांनी हात वर केलाही होता.

शकुंतलाबाईंनी पदर सारखा केला आणि डॉक्टरांकडे रोखून बघितलं. "मी तर येईन. तुम्ही राहाल का इथं? फौजवाल्यांची तर बदली होते न?"

डॉक्टर रश्मींनी लसीच्या कार्डावरून मान वर केली. "अजून तरी ऑर्डर नाही आलेली, काकू," त्या म्हणाल्या.

"आली तर नव्या डॉक्टरले सांगून जा," शकुंतलाबाई उठत म्हणाल्या. "म्हणा, शकुंतला गजभिये येणार आहे."